नागोठण्याला लागलेला निकाल

आमच्या घरी कामाची वाटणी सरळ आहे. विद्यापीठ माझी बायको सांभाळते आणि मला माझी आई.

सुनंदा विद्यापीठाच्या परीक्षा विभागात उपकुलसचिव आहे. म्हणजे निकाल लांबला की विद्यार्थी, पालक आणि प्राचार्य या सगळ्यांचा राग ती झेलते आणि पेणला घरी येऊन शांतपणे भाजीला फोडणी देते. (मी असतो तर कढई फोडली असती.) गेली कित्येक वर्षं गणपतीच्या आरतीला तिच्या एका हाताची टाळी आणि दुसऱ्या हातात फोन. यंदा मात्र कुलसचिवांनी कबूल केलं होतं, हरतालिकेला निकाल मार्गी लागला तर दुसऱ्या दिवसापासून गौरी जाईपर्यंत रजा. तिला एकदा तरी निवांत मोदक वळायचे होते.

मी छाती ठोकून सांगितलं, की यंदा घरचं सगळं माझ्यावर सोड. तिने मूर्तीच्या कारखानदाराचा नंबर आईच्या फोनमध्ये टाकून ठेवला. तिला अनुभव आहे.

हरतालिकेला सकाळी मी मूर्ती आणायला कारखान्यात गेलो. आमच्याकडे घरचा पाट आधीच तिथे नेऊन देतात, त्यावरच आपली मूर्ती तयार होऊन बसते. गर्दी ही तोबा! कारखानदार म्हणाला, थांबा सर, मी काढून देतो. पण आपल्याच घरचा पाट मला ओळखता येऊ नये? पितळी कोपऱ्यांचा तांबडा पाट दिसला, वर रुमालाने तोंड झाकलेली मूर्ती. उचलली, मोरया म्हटलं आणि पेणच्याच रामवाडीत घरी आलो.

आईने दारात औक्षणासाठी रुमाल बाजूला केला आणि निरांजन हातात तसंच राहिलं.

"अरे, याची सोंड उजवीकडं हाय."

आमचा गणपती पिढ्यान्‌पिढ्या डाव्या सोंडेचा. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक! सोवळं काटेकोर, नैवेद्य वेळेवर, कुठे हयगय नाही. आणि आमच्याकडे तर नैवेद्याआधीच मोदक कमी व्हायला लागतात. (मीच तो.)

आतल्या खोलीत सुनंदाची फोनवर निकालाची बैठक चालू होती. मी दारातून हाताची सोंड करून दाखवली. तिने आपला आवाज बंद केला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एकाचे गुण दुसऱ्याला गेले, की दुसऱ्याचे पहिल्याकडे असतातच. ते घर शोधायचं."

आईच्या फोनवरून तिने कारखानदाराला गाठलं. तसाच पाट खांब गावच्या एका घराने दिला होता. तिकडे फोन लावला, तर तिथली म्हातारी आमची डाव्या सोंडेची मूर्ती उंबऱ्याच्या आत घ्यायला तयार नव्हती. ठरलं, दोघांनी निघायचं आणि मध्ये नागोठण्याला भेटायचं.

मी गाडी चालवत होतो. मागे सुनंदा, पोटात हरतालिकेचा उपास, मांडीवर बाप्पा, कानात कुलसचिव. "खड्डा आहे, सावकाश," हे मला आणि "त्या केंद्राचे गुण आले, पुढे घ्या," हे समितीला, एकाच सुरात. आरशात बघताना मला तिचं इतकं कौतुक वाटलं, की पुढचा खड्डा चुकवायचा राहून गेला.

नागोठण्याला खांबचे काका टेम्पोपाशी उभेच होते. मी पुढे झालो.

"अहो, तुम्ही अजिबात हात लावू नका," सुनंदा कडाडली. "आधी सोंड मी बघणार."

फोनवर आपला आवाज बंद करायचा ती विसरली होती. समितीने सगळं ऐकलं.

काकांनी रुमाल उचलला. "व्हय गो बाय, ह्यो आमचाच."

सुनंदाने त्यांनी आणलेल्या मूर्तीचा रुमाल उचलून डावी सोंड बघितली, हात जोडले आणि आमचा बाप्पा ताब्यात घेतला. मग फोनमधून कुलसचिवांचा आवाज आला. "मॅडम, सोंड बरोबर असेल, तर निकाल जाहीर करू या?"

दुसऱ्या दिवशी सुनंदाने दोन्ही हातांनी टाळ्या वाजवून आरती म्हटली. मोदक वळायला बसली आणि कुलसचिवांचा फोन आला. एक तातडीचं काम निघालं होतं, उद्या येता येईल का?

"सर, आले असते," ती म्हणाली, "पण मिस्टर घरी आहेत. गौरी आणायच्यात."

पलीकडे नागोठणं आठवलं असावं. मग साहेब घाईघाईने म्हणाले, "नको नको, मॅडम. तुम्ही घरीच थांबा."

इतकी वर्षं न मिळालेली रजा बायकोला माझ्यामुळे मिळाली, हे मी पेणभर सांगतो. कशी मिळाली, ते ती सांगते.