आत्यांची पेज

माझ्या बायकोच्या आत्यांइतकं मन लावून रागावणारं माणूस उभ्या मुंबईत दुसरं सापडणार नाही. बाकीचे लोक कारण मिळालं की रागावतात. आत्या सकाळी रागावूनच उठतात आणि कारण मागाहून चालत येतं. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली आहे आणि खिडकीसमोर गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला काचेचा टॉवर. पहिल्या चहाबरोबरचा राग त्या टॉवरवर निघतो, कारण त्याने त्यांच्या पापडांचं ऊन अडवलं. मग कबुतरं, मग दूधवाला, मग टीव्हीवर बातम्या देणारी मुलगी. तिला तर त्या पडद्यासमोर उभ्या राहून "अगो, मधे श्वास घे" असं दरडावतात. या रागाला पायऱ्या आहेत. साधा राग शुद्ध मराठीत येतो, मधला मुंबईच्या हिंदीत, आणि खरा राग मालवणीत. मालवणी सुरू झाली की चाळीतली मांजरंसुद्धा जिना उतरतात. मी जावई, म्हणून मला त्या अहो-जाहो करतात. त्यामुळे माझ्या वाट्याचा अपमानही आदरार्थी बहुवचनातच येतो. "तुम्ही अगदीच बावळट आहात हो, जावईबापू," हे वाक्य मी लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत ऐकलं. मी उकडीचा मोदक सुरीने कापायला घेतला होता.

आत्या वाचतात भरपूर, पण तेही रागावून. कादंबरी हातात घेतली की त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते: यातली माणसं जेवतात की नाही? नायिकेने तीन प्रकरणं विरहात काढलेली त्यांना चालतात, पण मधे कुठेतरी चहा झाला पाहिजे. नाही झाला, तर त्या पुस्तक मिटून गादीखाली टाकतात, शिक्षा म्हणून. एकदा वाचनालयातल्या बाईंच्या टेबलावर एक जाडजूड पुस्तक आपटून त्या म्हणाल्या, "यातला माणूस आजारी बायकोला उपाशी ठेवून समुद्रावर विचार करत बसतो. मला दुसरं द्या. आणि ह्याला परत कपाटात ठेवू नका!" बाईंनी मुकाट्याने पुस्तक खुर्चीमागे लपवलं. आत्या जिना उतरल्यावर ते पुन्हा कपाटात गेलं असणार, पण तोवर थांबायची हिंमत मला नव्हती.

अशा आत्यांच्या हातात मध्यंतरी अख्ख्या शहराचं पुस्तक पडलं. शहरभर सगळ्यांनी मिळून एकच कादंबरी वाचायची, गल्लोगल्ली जमून तिच्यावर बोलायचं आणि येताना गरजूंसाठी थोडं धान्य आणायचं, असा तो उपक्रम होता. कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणतो. आमच्या भागातली मंडळी आत्यांच्या खोलीत जमत. कादंबरी होती दुष्काळात गाव सोडून शहराकडे चालत निघालेल्या एका बाईची. कादंबरीचं नाव मी सांगत नाही, कारण लेखक हयात आहेत आणि आत्याही. आत्या मोठ्याने वाचत, बाकीच्या बायका लसूण सोलत ऐकत, आणि चांदण्याचं वर्णन आलं की आत्यांचा आवाज चढे. "ही बाई कालपासून उपाशी आहे आणि हा पानपानभर चांदणं सांगतोय! एकदा जेवायला बोलवा रे ह्याला, ताटात चांदणं वाढते!" तरीही त्यांनी पुस्तक गादीखाली टाकलं नाही. त्या बाईला वाटेत कोणीतरी घास देईल, या आशेवर त्या वाचत राहिल्या.

शेवटी जमलेलं धान्य वाटायचा दिवस आला. जागा परळची, एका मोठ्या रुग्णालयाबाहेरचा फुटपाथ. तिथे गावोगावहून उपचारांसाठी आलेली माणसं आणि त्यांचे नातेवाईक राहतात, ताडपत्री बांधून, एक्स-रेची पाकिटं उशाशी घेऊन. आम्ही पोचलो तेव्हा फुटपाथच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उपक्रमाचा फलक लागला होता. तो नीट दिसावा म्हणून लोकांना आपली अंथरुणं गुंडाळायला लावली होती. मला तिथेच राग यायला हवा होता. आला नाही, कारण माझ्या वाट्याचा राग नेहमी आत्याच करतात आणि मला ती सवय झाली आहे. फोटो निघत होते. प्रत्येकाच्या हातात तांदळाची एक पिशवी, डाळीची एक पिशवी आणि वर त्या कादंबरीची एक प्रत.

हिंगोलीकडून आलेली एक बाई त्या तिन्ही वस्तू मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी तिचा नवरा, गळ्याला पट्टी. तिने आत्यांकडे बघून हळूच विचारलं, "मावशी, हे शिजवू कुठं मी?"

आत्यांनी फुटपाथवरून नजर फिरवली. चूल नाही, स्टोव्ह नाही, पेटवू देणारं कोणी नाही. त्या सरळ संयोजकांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. संयोजक तरुण, गळ्यात ओळखपत्र, अतिशय नम्र. "आजी, तुमचा पॉइंट एकदम व्हॅलिड आहे," तो म्हणाला. "आम्ही फीडबॅकमध्ये नक्की घेतो."

"फीडबॅक?" आत्या म्हणाल्या, आणि आधीच्या दोन्ही पायऱ्या ओलांडून थेट मालवणीत उतरल्या. "मेल्या, ती ह्या खंय शिजवतली? तुझ्या डोक्यार?"

मग त्यांनी जे केलं त्याने मी जितका शरमलो तितका आयुष्यात कधी शरमलो नव्हतो. त्या ओळीने फिरत लोकांच्या हातातल्या तांदूळ-डाळीच्या पिशव्या परत घेऊ लागल्या आणि माझ्या हातात देऊ लागल्या. "सांजच्या आधी शिजवून आणते," असं प्रत्येकाला सांगत होत्या, पण ऐकतंय कोण! एक म्हातारा पिशवी छातीशी धरून ओरडला, "दिलेलं परत नेता होय? लाज नाही वाटत?" फोटोवाला अजून फोटो काढतच होता. संयोजक मला म्हणाला, "सर, तुम्ही यांच्याबरोबर आहात का?" मी हातातल्या पिशव्या सावरू लागलो. तेवढ्यात त्याने फलकाकडे बघून हाताखालच्या मुलीला सांगितलं, "चला, आपले फोटो झालेत." आणि तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, माझा स्वतःचा राग आला. "हो, मी यांच्याबरोबर आहे," मी जरा जास्तच मोठ्याने म्हणालो आणि टॅक्सीला हात केला.

चाळीत गणपती मंडळाचा मोठा टोप निघाला, शेगडी निघाली, बायका जमल्या. तांदूळ शिजला, डाळ शिजेना. टोप उकळून उकळून थकला, पण डाळ खड्यांसारखी टणक. आत्या डावाने डाळ ढवळत सगळ्या शहराचा उद्धार करत होत्या. "गिरणी चालू होती तेव्हापासून डब्यात पडलेली असतली ही! घरात कोण खाईना म्हणून गरिबाक!" शेवटी गॅलरीतल्या प्रत्येक घराने आपापल्या डब्यातली डाळ आणून दिली. मी ती टोपापाशी पोचवत होतो आणि घड्याळ बघत होतो, कारण तो म्हातारा माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. आम्ही खिचडी घेऊन पोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि फलक गेला होता. लोक आम्हाला बघून उठले नाहीत. त्यांनी आमची आशा केव्हाच सोडली होती. आत्यांनी पहिलं ताट त्या म्हाताऱ्यापुढे ठेवलं आणि म्हणाल्या, "आता शिव्या द्या. पण आधी जेवा." तो जेवला. शिव्या राहूनच गेल्या.

हिंगोलीची बाई मात्र खिचडीकडे बघत बसली. "मालकाला गिळता येत नाही ना, मावशी."

दुसऱ्या दिवसापासून आत्या रोज किटलीतून पेज नेऊ लागल्या. मऊ, पातळ, मिठाची. नवरा घोट घोट घेई आणि ती बाई कादंबरी पुढे करी. "वाचून दाखवा की. दिवस जात नाही." एकदा मी बरोबर होतो. आत्या फुटपाथवर मांडी घालून वाचत होत्या, चांदणं गाळून टाकत होत्या, आणि मधेच त्यांनी वाचलं, "मग त्या बाईला एका घरी भाकरी मिळाली, वर तोंडी लावायला सुकट."

"आत्या, हे पुस्तकात नाही," मी कुजबुजलो.

"तुम्ही गप्प बसा."

हिंगोलीची बाई समाधानाने म्हणाली, "बरं झालं बाई, मिळाली." नवऱ्यानेही मान हलवली.

असं काही आठवडे चाललं. मग एका सकाळी आम्ही गेलो तर त्या जागेवर दुसरंच कुटुंब बसलं होतं. आधीचे कुठे गेले, त्यांना माहीत नव्हतं. गेटवरच्या पहारेकऱ्यालाही नाही. "सांगून जायची पद्धत असते," आत्या त्याच्यावर खेकसल्या, जणू त्यानेच त्यांना गाडीत बसवून दिलं होतं. मग त्यांनी किटली नव्या माणसांपुढे ठेवली, पेज कशी प्यायची ते सांगितलं आणि आम्ही घराकडे चालू लागलो. पुलाखाली सिग्नलपाशी त्या थांबल्या. सिग्नल हिरवा झाला तरी थांबूनच राहिल्या.

"बरे होऊनच गेले असतील," त्या म्हणाल्या. "नाही हो?"

आत्यांनी मला आजवर असं काही विचारलं नव्हतं. मला काहीच ठाऊक नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "बरे होऊनच गेले."