साडेबाराची सावली

शेवटचं मी आणि माझ्या बायकोनं मिळून काय केलं, तर क्लास केला. चार वाजता मोबाईल साखरेच्या डब्याला टेकवला. इअरफोनचं एक टोक तिच्या कानात, एक माझ्या. त्या दिवशी पक्ष्यांवर धडा होता. पडद्यावर चित्र आलं तसा मी म्हणालो, "हा होला आहे."

"होला न्हाई, पारवा. गप बसा, ऐकू द्या."

पारवाच निघाला. पाचला क्लास संपला तेव्हा ती म्हणाली, "बॅटरी पार उतरलीय. सकाळी आठवणीनं चार्जिंगला लावा." मी हूं केलं. दिवे लागायच्या सुमाराला तिच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्याच्या दारातच ती गेली.

मी जास्त शिकलेला माणूस नाही. दहावी कशीबशी पास. शिपाई म्हणून भरती झालो आणि पस्तीस वर्षांनी सहायक फौजदार म्हणून घरी बसलो. लिहायचं काम म्हणजे पंचनामे आणि जबाब. हेही तसंच सरळ लिहितोय. खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातलं निम्मं विसरलो. एका मोबाईलची केस मात्र काल घडल्यासारखी समोर आहे. त्या केसमुळंच आम्ही दोघं त्या क्लासात गेलो. नाव कुणाचं सांगणार नाही.

नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. भोकरदन तालुक्यात नेमणूक. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. मी ठाणे अंमलदार होतो, म्हणजे येईल त्याची तक्रार ऐकायची आणि डायरीत नोंद घ्यायची. मंगळवारी सकाळी एक मावशी आल्या. वय सत्तरीला टेकलेलं, हातात कापडी पिशवी. बसा म्हणायच्या आधीच बसल्या.

"मोबाईल चोरीला गेला."

"कुठून?"

"घरातून. रविवारी रात्री कोनाड्यात ठेवला. सोमवारी सकाळी न्हाई."

मोबाईल गेला की आमच्या टेबलावर 'गहाळ' लिहायची सवय होती. चोरी लिहिली की गुन्हा दाखल करावा लागतो, तपास लागतो. खरं आहे ते सांगतो. मी कागद ओढला.

"मावशी, गहाळ झाला म्हणून लिहितो. इथं सही करा."

"गहाळ कसा? ठेवलेली वस्तू आपल्या पायानं जाती का? चोरीच लिहा."

"फोन लावून पाहिला?"

"लागतोय. पण आवाज बंद हाय. क्लासात आवाज बंद ठेवावा लागतो."

"कसला क्लास?"

मग त्यांनी सांगितलं. संभाजीनगरच्या एक बाई साठीच्या पुढच्या माणसांना मोबाईलवर शिकवतात. रविवार सोडून रोज चार ते पाच. जिल्ह्यातले वीसेक म्हातारे-म्हाताऱ्या त्यात आहेत. कधी झाडं, कधी नकाशे, आता आकाशाचं चालू आहे. परीक्षा नाही, सर्टिफिकीट नाही.

आमचा एक हवालदार म्हणाला, "मावशी, कलेक्टर व्हायचंय का आता?"

"व्हायला काय झालं? तुमच्यावानी खुर्ची तर गरम करणार न्हाई."

ठाणं हसलं. मीही हसलो. मावशी हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शनिवारी माझी पाळी हाय. प्रत्येकानं अर्धा तास बाकीच्यांना शिकवायचं. साहेब, मी दुसरीतून शाळा सोडली. आजवर मला कुणी म्हणलं न्हाई की तू बोल, आम्ही ऐकतो."

"मग पोराचा मोबाईल घ्या शनिवारपुरता."

"घेईन की. पण माझे फोटो कुठून आणू?"

घरामागं परसात त्यांनी एक काठी रोवली होती. दिवाळीच्या पाडव्यापासून रोज दुपारी साडेबाराला त्या काठीच्या सावलीचा फोटो काढायच्या. एक दिवस खाडा नाही.

"लोक म्हणतेत, संक्रांतीपासून दिवस मोठा व्हायला लागतो. माझी काठी म्हणती, त्याच्या तीन आठवडे आधीच सावली मागं फिरली. आता हे मी नुसतं तोंडानं सांगितलं तर कोण मानंल? पुरावा लागतो. तुम्ही पोलीस, तुम्हाला मी सांगावं का?"

तरी मी गहाळच लिहिलं. त्यांनी सही केली नाही. बाकावर एक वाजेपर्यंत बसल्या आणि निघून गेल्या.

घरी जेवताना ही गोष्ट मी गंमत म्हणून बायकोला सांगितली. ती हसली नाही. भाकरी वाढता वाढता म्हणाली, "मला लावून देता का तो क्लास?"

"या वयात कशाला?" मी म्हणालो.

तिनं पुन्हा विचारलं नाही.

बुधवारी साडेपाचच्या सुमाराला ठाण्याचा फोन वाजला. केदारखेड्याचे एक चाचा होते, शिलाईकाम करून म्हातारे झालेले. मावशींच्या क्लासातले. चोरीचं मावशींनी पोराच्या फोनवरून क्लासात सांगितलं होतं.

"साहेब, वहिनीचा मोबाईल आज क्लासला आल्ता."

"म्हणजे?"

"म्हणजे वहिनी न्हाई, मोबाईल आल्ता. चार वाजता क्लासची आठवण येते ना मोबाईलवर, ती बंद करायला चोरानं नको तिथं बोट लावलं असंल. दोन मिनिटं दिसत होतं. वर छत, आन खोकल्याचा आवाज."

"छत कसलं?"

"थांबा, कुंभार पिंपळगावचे आमचे गवंडीदादा लाईनवर हायत."

दुसरा आवाज आला. "निंबाच्या कड्या हायत साहेब, वर पत्रा. घर न्हाई, गोठा हाय तो. खुंटीला बैलाची घुंगुरमाळ टांगलीय."

"आन हसनाबादच्या सिस्टर काय म्हणतेत," चाचा पुन्हा बोलले, "की तो खोकला तंबाखूचा हाय, माणूस सत्तरीच्या वर. जवान चोर बिलकुल न्हाई. आन साहेब, ही खांसी आम्ही पहिलेबी ऐकलीय. कुठं, ते आठवून राह्यलो."

पस्तीस वर्षांत मला खबऱ्यांनी खूप टिपा दिल्या. इतकी नीट टीप कुणी दिली नव्हती. दोन मिनिटांत छत, लाकूड, माळ, चोराचं वय. मी डायरीत सगळं लिहून घेतलं.

गुरुवारी अकराला मोटारसायकलवर त्यांच्या गावात गेलो. मावशी दारातच तूर निवडत होत्या. सून आत स्वयंपाक करत होती. मी म्हणालो, घटनास्थळ पाहायचंय. कोनाडा पाहिला. मग म्हणालो, काठी दाखवा.

"काठीकडं मी फिरकलेच न्हाई सोमवारपासून. मोबाईलच न्हाई तर काय बघायचं," त्या म्हणाल्या, पण आल्या.

परसात काठी होती. शेणानं सारवलेली जमीन होती. आणि काठीच्या उत्तरेला जमिनीत तीन बाभळीचे काटे रोवलेले होते. एका ओळीत, एकमेकांपासून अर्ध्या बोटावर.

"हे तुमचे?"

मावशी वाकल्या. "न्हाई. मी तर फोटो काढते."

आतून सून ओरडली, "मीबी तेच म्हणते! काल माझ्या पायात घुसता घुसता राह्यला. परसात काटे कोण रोवतंय?"

तीन काटे. सोमवार, मंगळवार, बुधवार. मी मान वर केली. समोर गोठा. निंबाच्या कड्या, वर पत्रा, खुंटीला घुंगुरमाळ. खाली पोत्यावर मावशींचे मालक बसलेले. डोक्याला पटका, हातात तंबाखूची चंची. मला पाहून त्यांनी नमस्कार केला आणि खोकले.

चौकशीचे प्रकार बरेच आहेत. आवाज चढवता येतो, पट्टा टेबलावर ठेवता येतो. मी वरिष्ठांकडून एक शिकलो होतो. समोरच्याला ओझं असेल तर आपण गप्प बसायचं, तो ओझं खाली ठेवतोच. मी गोठ्यात त्यांच्या शेजारी बसलो. मावशी घराच्या मागच्या उंबऱ्यावर बसल्या.

"तंबाखू घ्या साहेब," बाबा म्हणाले. मी घेतली. पिकाचं विचारलं. बैल विकून किती वर्षं झाली ते विचारलं. मोबाईलचं नाव काढलं नाही.

बारा वाजले. सव्वाबारा झाले. बाबांचं बोलण्यातलं लक्ष उडालं. एकदा काठीकडं बघायचे, एकदा माझ्याकडं, एकदा उंबऱ्याकडं. हात चंचीत जायचा, तसाच बाहेर यायचा. मी घड्याळ पाहिलं, साडेबाराला दोन मिनिटं कमी होती. मी जागचा हललो नाही.

शेवटी ते उठले. पटक्यातून बाभळीचा एक काटा काढला. माझ्या समोरून, बायकोच्या समोरून चालत काठीपाशी गेले, गुडघ्यावर हात ठेवून बसले आणि सावलीच्या टोकावर चौथा काटा रोवला. नीट, सरळ. मग तिथंच बसून राहिले.

मावशी एकच शब्द बोलल्या. "तुम्ही?"

बाबा गोठ्यात आले. सरकीच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मोबाईल काढून माझ्या हातात दिला. बॅटरी संपून बंद पडलेला.

"कशाला केलं बाबा?"

"एकावन्न वर्षं चारचा चहा आम्ही संगं पिलो साहेब. दिवाळीपासून सून कप आणून ठेवती. ही तिकडं वीस जणांसंगं बोलती, हसती. माझ्यासंगं कधी हसली, इचारा तिला."

"मग काटे कशाला रोवले?"

त्यांना तो प्रश्नच कळला नाही. "अवो, तिचं इतक्या दिवसाचं काम हाय. मधी खंड पडला तर कसं व्हईल?"

मी जबाबाचा कागद काढला होता. तो तसाच घडी करून खिशात ठेवला. मावशी उठून आत गेल्या. मला वाटलं, आता रडणार. तर थोड्या वेळानं तीन कप चहा घेऊन आल्या. एक मला, एक मालकांना, एक स्वतःला. पोत्यावर मालकांच्या शेजारी बसल्या.

"चार वाजायला अजून टाईम हाय," बाबा म्हणाले.

"प्या आता. आन शनिवारी काठीची माहिती सांगताना माझ्या बाजूला बसायचं. उठून गोठ्यात पळायचं न्हाई." मग माझ्याकडं वळल्या. "साहेब, तुमचा तो कागद कुठाय? गहाळच लिहा. सही करते."

मी डायरीला नोंद केली, मोबाईल मिळून आला, तक्रार नाही.

शनिवारी माझी साप्ताहिक सुट्टी होती. तरी गेलो. मावशी नवं लुगडं नेसून बसल्या होत्या, शेजारी बाबा. त्यांनी एकेक फोटो दाखवला. सावली लांब होत गेली, मग तीन-चार दिवस जागची हलली नाही, मग मागं फिरली. कॅलेंडरवरच्या तारखेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हितं फिरली. संक्रांत तवा लांब होती." कोर्टात मी मोठमोठ्या वकिलांचं ऐकलंय. पुरावा इतका साफ मांडलेला पाहिला नाही.

शेवटी म्हणाल्या, "मधल्या चार दिवसांचे फोटो न्हाईत. चार काटे हायत. ते आमच्या मालकांनी रोवले." का, ते त्यांनी सांगितलं नाही.

तेवढ्यात बाबांना खोकला आला. केदारखेड्याचे चाचा पडद्यावरून म्हणाले, "अरे, मिली! यहीच वो खांसी." सगळा क्लास हसला. बाबा उठायला लागले तसा मावशींनी त्यांचा सदरा धरून खाली बसवला.

पोलिसाला पहिलं शिकवतात, फायदा कुणाचा ते बघ, चोर सापडतो. त्या घरात फायदा कुणाचाच नव्हता. माणूस एकटा पडला म्हणूनही हात घालतो, हे मला कुठल्या ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. आणि दुसरं कळलं ते जास्त लागलं. माझी बायको पस्तीस वर्षं बंदोबस्ताच्या नावानं एकटी जेवली. सणाला एकटी, आजारात एकटी. तिनं कधी माझी टोपी लपवली नाही, पट्टा लपवला नाही. आणि तिनं आयुष्यात एक गोष्ट मागितली तर मी तिचं वय काढलं.

त्या संध्याकाळी घरी गेलो आणि म्हणालो, "सोमवारपासून क्लास लावून देतो तुला."

"आन तुम्ही?"

"रिटायर झालो की मीबी."

"मंग दोन ओळी लिहून द्या, पोलिसाचा भरवसा न्हाई," ती म्हणाली.

रिटायर झालो आणि बसलो तिच्या शेजारी. अडीच वर्षं बसलो. झाडं शिकलो, नकाशे शिकलो. माझ्यापेक्षा तिचं डोकं चांगलं चालायचं. पारवा मला शेवटपर्यंत ओळखता आला नाही.

तिच्या तेराव्याला मावशी आणि बाबा एसटीनं जालन्याला आमच्या घरी आले. बाबा माझ्याजवळ बसले, चंची पुढं केली. मावशी बायकांत जाऊन रडल्या, मग बाहेर आल्या.

"साहेब, किती दिवस झाले, क्लासात न्हाई आलात."

"कशाला येऊ आता?"

"बाई रोज हजेरी घेतेत. दोघांचं नाव घेतेत. आम्ही सगळे गप बसतो, मंग त्या पुढचं नाव घेतेत. तुमचं तरी तुम्ही बोलायला पाहिजे." लुगड्याचा पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "चार वाजता एकट्यानं चहा प्यायचा न्हाई. त्याचं काय व्हतं ते तुम्ही आमच्या गोठ्यात बघितलंय."

संध्याकाळी पाहुणे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठलो. तिचा मोबाईल साखरेच्या डब्यामागं तसाच पडला होता, बंद. वायर सापडेना. ती कुठं ठेवायची, ते मी कधी पाहिलंच नव्हतं. शेवटी पिठाच्या डब्यावर, रबर लावून गुंडाळलेली मिळाली. रबर काढलं आणि मोबाईल चार्जिंगला लावला.