पोस्टाची डिग्री

"घरी बसून पोळ्या लाटत नर्सिंग शिकलात होय? ही तर पोस्टानं आलेली डिग्री!" प्राचार्यबाई म्हणाल्या. मागं रांगेतल्या मुली फिस्सकन हसल्या.

आणि मीपण हसले. तेच अजून सलतं.

सात रस्त्याजवळच्या त्या कॉलेजात एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशाला गेले होते. काय तो माझा थाट! कडक इस्त्रीची साडी, छातीवर नावाची नवीकोरी पट्टी, नावापुढं 'बी.एस्सी. नर्सिंग'. यादीत नाव लागलं म्हणून या बयेनं, म्हणजे मीच, आदल्या दिवशीच वॉर्डात पेढे वाटलेले. अहो, पेशंटचे नातेवाईकसुद्धा डिस्चार्ज मिळाल्याशिवाय पेढे वाटत नाहीत. ही नर्स असून वाटून मोकळी.

डिग्री मुक्त विद्यापीठाची. शिकायला रजा मिळेना, म्हणून ड्युटी करून, सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर जाऊन घेतलेली. घरी बसले कधी? पण हे सुचलं घरी आल्यावर.

"दूरशिक्षणवाले एम.एस्सी.ला चालत नाहीत. ती पट्टी काढा आधी. आणि इथं लिहा, स्वखुशीने अर्ज मागे घेते."

काढली की! पिन बोटात घुसली, तर उलट मीच 'सॉरी मॅडम' म्हणाले. पेन घेतलं. 'स्वखुशीने'पाशी हात थांबला. कसली खुशी?

"न्हाय लिवत," तोंडातून गेलं. इतकी वर्षं घासून शुद्ध केलेली भाषा गळून पडली, होटगी गावची पोरगी बाहेर आली. "का न्हाय घेत, ते तुमीच लिवा की."

त्यांनी 'अपात्र' लिहून दिलं. त्यावर मी कोर्टात गेले.

सीट दुसरीला गेली. तिचा कोर्स संपला, नोकरीही लागली. माझ्या तारखा आधी मुंबईच्या हायकोर्टात, आता नवं बेंच झालं म्हणून कोल्हापूरला. मधल्या काळात मी रिटायर झाले, आजी झाले, गुडघे गेले. तीच डिग्री घेतलेल्या पोरी कुठं भेटल्या की विचारतात, "सिस्टर, काय झालं ओ केसचं?" काय सांगू? पुढची तारीख सांगते.

परवा माझ्या वकिलांचा फोन. "आजी, आता तुम्हाला थोडंच कॉलेजला जायचंय? केस मागे घेऊ. एक सही करा."

पुन्हा तेच. स्वखुशीने.

"हारंन की मी," म्हटलं. "पण हारले असं कोर्टानं लिवावं. माज्या हातानं न्हाय."

पट्टी पुन्हा लावलीय. तारखेला लावूनच जाते. आता काढणार नाही.