उसवलेली दुमड

गावभर तिचं नाव मोजपट्टी. तोंडावर मात्र सगळे मावशीच म्हणत, कारण तिच्या हातात कायम कात्री असे. जुन्या घेरदार झग्यांची ती शेवटची शिंपीण. कापड दुर्मीळ होतं तेव्हाची ही रीत: झगा एकदाच शिवायचा आणि चार पिढ्यांनी घालायचा. घोळात तीन दुमडी घालून ठेवायच्या. मुलीला सतरावं लागलं की आईच्या झग्याची एक दुमड उसवून तो तिला द्यायचा, आणि तो घालून तिने गावासमोर सभागृहाच्या पायऱ्या चढायच्या. लेक आईपेक्षा उंच होणारच, हा पूर्वजांचा अंदाज. उसवलेली दुमड पुन्हा घालायची मात्र नाही. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मावशीला विचारायची कुणाची छाती नव्हती.

गावातल्या बेकरीवालीच्या आईने तेवढी तीस वर्षांपूर्वी दुमड पुन्हा घालून मागितली होती. पोर, म्हणजे आताची बेकरीवाली, बुटकी आणि झगा वीतभर लांब. मावशीने साफ नकार दिला. पोर सभागृहाच्या पायरीवर सगळ्यांदेखत पालथी पडली. लोक हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने मावशी हसली.

आता मावशीच्या नातीला सतरावं लागलं आणि मावशीचे दात तिच्याच घशात गेले. लेक ताडमाड, पण नात जेमतेम तिच्या खांद्याला. तिसरी दुमड न उसवताही झगा जमिनीवर लोळत होता. रविवारी तो घालून नातीला त्याच पायऱ्या चढायच्या होत्या.

"आजी, मी पडले तर तू हसशील?" नातीने सहज विचारलं.

मावशी जेवण टाकून उठली. तिने लेकीसाठी उसवलेली दुमड पुन्हा घातली आणि सुईदोरा घेऊन थेट बेकरी गाठली. माझं चुकलं, म्हणाली, तुझा झगा आण, दुमड घालून देते.

बेकरीवालीने पिठाचे हात पुसले, आतून झगा आणला आणि घोळ उलटा करून दाखवला. दुमड होतीच, बोटभर लांबीच्या वेड्यावाकड्या टाक्यांची.

"पडले त्याच दिवशी घातली. वर्षातून एकदा दार लावून घालते मी हा झगा."

मावशीला रडू येत होतं, पण ते टाके त्याहून बघवत नव्हते. ती पिठाच्या पोत्यावर बसली, चष्मा पुढे ओढला आणि एकेक टाका उसवून नव्याने घालू लागली.

"रविवारी माझ्या नातीबरोबर चालायचं," दोरा दातांनी तोडत ती म्हणाली. "आणि पडलीस, तर मीही शेजारी पडते."