कॉलेजचे कल्ले उचलून बघणारे सर

थांबा, हे आत्ताच सांगायला हवं. चहा गॅसवर आहे, तो उतू गेला तरी चालेल, पण हे डोक्यातून निसटलं तर मला चैन पडणार नाही. आत्ताच मुंबईच्या काकांचा फोन येऊन गेला. माझी चुलत बहीण यंदा बारावी झाली, तिला अर्थशास्त्र घ्यायचंय, घरात कॉलेजची शोधाशोध चाललीय. त्यावरून काका मला जे म्हणाले ते मी सांगतेच, पण आधी तुम्हाला कल्लेसर माहीत हवेत. नाहीतर त्यातली गंमत कळायचीच नाही.

कल्लेसर म्हणजे मालवणात आम्हाला अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवणारे सर. खरं नाव वेगळं, पण ते फक्त हजेरीपटावर. हे नाव पडलं मासळी बाजारात. सर रोज संध्याकाळी पिशवी घेऊन बाजारात जायचे आणि आयुष्यात त्यांनी एकाही मासेवालीला "ताजा आसा काय?" असं विचारलं नाही. थेट खाली बसायचे, बांगड्याचा कल्ला, म्हणजे डोक्यामागची झापड, एका बोटाने उचलायचे, आत लालभडक दिसलं तर पिशवी पुढे, नाहीतर पुढच्या टोपलीकडे. "विकणाऱ्याक विचारून काय उपयोग? तो नाय म्हणतलो काय?" असं त्यांचं म्हणणं. एकदा एक मासेवाली वैतागून म्हणाली, "मास्तरानू, माशाक गुदगुल्यो करतास काय? घेवचो तर घेवा." सर म्हणाले, "हसलो तर घेतंय." अख्खी रांग हसली. त्यांनी मासा मात्र घेतला नाही.

अकरावीच्या पहिल्याच तासाला ते वर्तमानपत्रात गुंडाळून दोन बांगडे वर्गात घेऊन आले होते. खरंच. टेबलावर ठेवले आणि म्हणाले, दोन्हींचा भाव एकच लागला, वरून दोन्ही सारखेच चकचकीत, आता सांगा कुठला घ्याल. मागच्या बाकांवरून नाक दाबून "दोन्ही नको" असं उत्तर आलं. सरांनी दोघांचे कल्ले उचलून दाखवले. एक लाल, एक मातकट. "झाला अर्थशास्त्र. उरलेली दोन वर्षां नुसतो तपशील." वर्गाला दोन दिवस वास येत होता. आणि मला तेव्हाच कळलं की मला हेच शिकायचंय.

सर सगळ्यातलेच शहाणे होते असं मात्र नाही हां. कलिंगड त्यांना अजिबात कळायचं नाही. दर उन्हाळ्यात ठोकून, कान लावून, वजन बघून आणायचे आणि दर उन्हाळ्यात ते आतून पांढरं निघायचं. बाई, म्हणजे त्यांच्या मिसेस, आम्हाला त्याच्या फोडी देताना म्हणायच्या, "खावा रे, तुमच्या सरांचो अभ्यास आसा ह्यो." सर गंभीर चेहऱ्याने फोड खात म्हणायचे, "कलिंगडाक कल्ले नसतत. ह्यो देवाचो दोष."

तर माझी गोष्ट. माझे बाबा होड्यांची इंजिनं दुरुस्त करतात, बंदरात सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. बारावीनंतर बाहेर शिकायला गेलेलं आमच्या घरात कोणीच नव्हतं. बाबा विरोधात नव्हते, पण त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं, कॉलेज एकदाच निवडायचं, फसलं तर परत यायचं आणि इथे मिळेल ते करायचं. जूनमध्ये, कॉलेजं सुरू झाल्यावर, मुंबईचे काका आले ते एका कॉलेजचं गुळगुळीत माहितीपत्रक घेऊनच. काचेची इमारत, लिफ्ट, कुठेतरी टाय लावून हसणारी मुलं. फी ऐकून आई उठून आतच गेली. काका म्हणाले, "महाग आसा म्हणजे चांगलाच आसतला. आणि रवाक आमचा घर आसा मा."

मी माहितीपत्रक घेऊन सरांकडे पळाले. त्यांनी ते उघडलंच नाही. त्यांचा एक जुना विद्यार्थी मुंबईत होता, त्याला फोन लावला आणि सांगितलं, कॉलेजच्या आत जाऊ नको, सुटायच्या वेळी फाटकाबाहेर उभा राहा आणि मुलं कुठे जातात ते बघ. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. अर्थशास्त्राची मुलं कॉलेज सुटल्यावर सरळ समोरच्या शिकवणीला जात होती, कारण कॉलेजात शिकवणारे दर सहामाहीला बदलत होते. हे ऐकवायला सर आमच्या घरी आले. काकांना म्हणाले, "जी पोरां शिकूक समोर जातत, ती फी हयसर कित्याक भरतत?"

काका चिडले. "मास्तर, कॉलेज म्हणजे काय बांगडो न्हय."

"खरां," सर म्हणाले. "बांगडो नासको निघालो तर एक जेवण जाता. कॉलेज नासका निघाला तर तीन वर्षां जातत."

मग जवळच्या कॉलेजचा विषय निघाला. आईला तेच हवं होतं, सकाळी एसटी, संध्याकाळी घरी. सर तिथेही जाऊन आले आणि म्हणाले, शिक्षक चांगले आहेत, पण तिसऱ्या वर्षाला अर्थशास्त्र हा विशेष विषय घ्यायची सोयच नाही. दोन वर्षं शिकून ऐनवेळी विषय बदलायचा? हे तुम्ही पण लक्षात ठेवा हां, प्रवेश घेताना कोणी सांगत नाही, विचारावं लागतं. "महाग ता चांगला, ह्या डोक्यातसून काढ," सर मला म्हणाले. "आणि स्वस्त ता चांगला, ह्या पण काढ." मग काय उरलं? सर म्हणाले, कोल्हापूर. तिथे एक जुनं अनुदानित कॉलेज होतं, म्हणजे फी आवाक्यातली आणि शिक्षक कायमचे, शेजारी मुलींचं वसतिगृह. पण तेही बघितल्याशिवाय नाही.

इथे घरात गोंधळ झाला. काका म्हणत मुंबई, आई म्हणे घर, सर म्हणत कोल्हापूर. बाबांना कोणाचंच मन मोडवेना. मग त्यांनी ते केलं जे आमच्याकडे सगळे करतात. रवळनाथाच्या देवळात जाऊन कौल लावला. गुरव देवाला दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतात, मग प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी कळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मी खांबाला टेकून उभी होते. बाबांनी माझ्याबद्दल विचारलं, "चेडवाक मुंबैक धाडू काय?" आणि डावी कळी पडली. टप्पकन. इतकी पटकन की "परत एकदा लावा" म्हणायला उघडलेलं काकांचं तोंड तसंच मिटलं.

काका नाराज होऊन मुंबईला गेले. आई म्हणाली, "झाला तर. देवानच सांगल्यान. आता हयसरच काय ता शिकात." म्हणजे देवाने मुंबईला नाही म्हटलं आणि घरात त्याचा अर्थ निघाला, पोरीने बाहेर जायचंच नाही. मी दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी सर आले. मला वाटलं आता देवावरून वाद घालणार, आणि मग तर संपलंच. सरांनी चपला काढल्या, चहा बशीत ओतला, फुंकर मारली.

"मिस्त्री, देवाक नेमका काय विचारलास?"

"मुंबैक धाडू काय म्हणान."

"मग देवान बरोबर सांगल्यान. माजा पण म्हणणा ह्याच होता." सरांनी चहा संपवला. "पण शिकूक धाडू काय, ह्या विचारलास खंय?"

बाबांनी आतल्या दाराकडे, आईकडे बघितलं.

"विचारूचा तर नीट विचारूया. पण आधी बघून येवया. न बघताच विचारलास तर देव तरी काय सांगतलो? तेका तुमी कॉलेजचा माहितीपत्रक दाखवतलात?"

आई आतून म्हणाली, "मास्तरांच्या तोंडाक काय कुलूप नाय." पण प्रवासासाठी घावणे तिनेच बांधून दिले.

आम्ही तिघं एसटीने फोंडाघाट चढून कोल्हापूरला गेलो. सर मला ऑफिसकडे जाऊच देईनात. आधी सायकल स्टँडवर बसलो. दुपारचा शेवटचा तास सुरू झाल्यावर किती मुलं पळून येतात ते सर बघत होते. थोडी आली, पण बरीच आली नाहीत. मग ग्रंथालय. तिथे सरांचे कल्ले उलटे. अर्थशास्त्राच्या कपाटातून पुस्तक काढायचं आणि ते कोरं दिसलं की मान हलवायची. कडा मळलेल्या, मध्ये कोणीतरी पेन्सिलने खुणा केलेल्या, असं एक सापडलं तेव्हा त्यांनी मला त्याचा वास घ्यायला लावला. ग्रंथपाल बघतच राहिले.

शेवटी सरांनी तिथल्या मॅडमना विचारून मला दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मागे बसवलं. बाबा बाहेर व्हरांड्यात, खिडकीपाशी. मॅडमनी कांद्याच्या भावावर प्रश्न विचारला आणि एका मुलाने साफ चुकीचं उत्तर दिलं. वर्ग हसला. मॅडम म्हणाल्या, "हसू नका, त्याचंच बरोबर धरून पुढे जाऊ, कुठे अडतंय बघू." आणि फळ्यावर त्याचं उत्तर घेऊन निघाल्या, पायरी पायरीने, आणि ते कुठे अडलं ते त्या मुलालाच दिसलं. मला तर उठून नाचावंसं वाटत होतं.

परतताना घाटात बाबा एसटीच्या इंजिनाकडे कान लावून बसले होते. मग एकदम म्हणाले, "ती बाय बरी शिकवता. बिघाड झालो म्हणान इंजिन टाकून देणा नाय. खोलून बघता." सर खिडकीबाहेर बघत होते, पण हसत होते ते मला काचेत दिसलं.

आता उरला होता कौल. देवळात आम्ही सगळे होतो, सर मागे उभे. मला धास्ती वाटत होती, कारण आता प्रश्न नीट विचारला जाणार होता, म्हणजे उत्तरही पक्कं असणार होतं. डावी पडली तर सरांकडेही पुढे काही नव्हतं. गुरवांनी कळ्या ओल्या केल्या. तेवढ्यात बाबा म्हणाले, "कळ्यो रवांदेत. गाऱ्हाणा घालूया."

गाऱ्हाणं म्हणजे देवाला विचारणं नव्हे, सांगणं. एरवी ते गुरव घालतात. त्या दिवशी बाबांनीच हात जोडले. सभेत दोन वाक्यं न बोलणारा माझा बाप म्हणाला, "बा रवळनाथा म्हाराजा, तुजा ह्या लेकरू कोल्हापुराक शिकूक जाता हा. वाटेक, वर्गात, परमुलखात तेच्या पाठीशी रव रे म्हाराजा." आणि आमच्या सगळ्यांच्या "व्हय म्हाराजा"च्या वर एक आवाज चढला, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तो. कल्लेसरांचा.

बाहेर पायऱ्यांवर सरांनी विचारलंच. "मिस्त्री, कौल कित्याक नाय लावलास?"

बाबा चपला घालता घालता म्हणाले, "सर, कल्ले बघून झाल्यार परत ताजा आसा काय म्हणान विचारूचा नसता. तुमीच सांगल्यात ना."

सरांनी घाईघाईने चपला घातल्या, त्याही उलट्या पायांत.

त्याच वर्षी सर निवृत्त झाले आणि विजयदुर्गजवळच्या आपल्या गावी जाऊन राहिले. पहिल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. जेवण बरं आहे का, मैत्रिणी झाल्या का, काही नाही. "शेवटच्या तासाक वर्गात कितीजण बसतत?" मी म्हटलं, "मी बसतंय." "मगे झाला," म्हणाले आणि ठेवला. प्रत्येक परीक्षेनंतर मी त्यांना आधी फोन करायचे, घरी नंतर. गेल्या वर्षी पाऊस सरता सरता सर गेले. मी पोचले तेव्हा बाई ओट्यावर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "औंदाचा कलिंगड लाल निघाला होता गो. केवढे खूश होते." आणि मग आम्ही दोघी रडलो.

मी आता एम.ए.ला आहे, त्याच कोल्हापुरात, त्याच मॅडमच्या हाताखालून आलेली. आणि आत्ता काकांचा फोन. हेच ते काका. म्हणाले, "गो, तुज्या बहिणीसाठी एक कॉलेज बघलंय. इमारत बरी आसा. पण तू एकदा येवन कल्ले उचलून बघशीत?"

मला हसू आलं आणि डोळेही भरले. मी काहीतरी गोड बोलणार होते, पण तोंडातून निघालं, "काका, शेवटच्या तासाक वर्गात कितीजण बसतत?" तो माझा आवाज नव्हताच. पलीकडून काका हळूच म्हणाले, "अगदी मास्तर गो."

शनिवारी निघतेय मुंबईला. फाटकाबाहेर उभी राहणार आहे. तुमच्या बाबतीत झालंय का असं कधी, की बोलताय तुम्ही आणि आवाज येतोय अशा कुणाचा, ज्यांना आता फोन लावता येत नाही? कोण होते ते, आणि काय म्हणायचे? सांगा ना. चहा तर उतू गेलाच आहे.