सोजरबाईचे त्रेचाळीस सेकंद

लातूरच्या शिकवण्यांच्या भागात दस्तगीरची जी सहा बाय आठची खोली आहे, तिला दुकान म्हणणं म्हणजे दुकानांवर अन्यायच. बाहेर पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स, आणि काचेवर लाल अक्षरांत ‘जुन्या लग्नाच्या कॅसेटा मोबाईलवर करून मिळतील’. आत एक व्हीसीआर. नांदेडच्या भंगारातून आणलेल्या दोन व्हीसीआरचे अवयव काढून काढून त्यानं हा एकटा जगवला आहे. दस्तगीर तसा बोलका माणूस, पण कामाला बसला की दारात बँड वाजला तरी मान वर करायचा नाही.

तरुणपणी तो लग्नाच्या शूटिंगा करायचा. खांद्यावर पोत्याएवढा कॅमेरा, डोळे दिपवणारा लाइट आणि एसटीचा प्रवास. औसा म्हणू नका, मुखेड म्हणू नका, माहूरपर्यंत त्यानं वऱ्हाडं टिपली. त्या काळी गावाकडच्या वडीलधाऱ्यांना फोटोचा कॅमेरा माहीत होता, व्हिडिओचा नाही. तो समोर आला की ही माणसं हात मांड्यांना चिकटवून, मान ताठ करून उभी राहायची. फोटोवाला ‘झालं’ म्हणेपर्यंत हलायचं नाही, हलल्यास फोटो बिघडतो, एवढी त्यांची पक्की समजूत. दस्तगीरला हसू यायचं आणि तो पुढच्या पंगतीकडे वळायचा.

मग त्र्याण्णवचा भूकंप झाला आणि त्या पट्ट्यात बरीच वर्षं लग्नं लागली तरी वाजंत्री वाजली नाही. पुढे शहरात डॉक्टर-इंजिनिअर घडवणाऱ्या शिकवण्यांचं पीक आलं, आणि दस्तगीर वर्गातली व्याख्यानं रेकॉर्ड करायला लागला. तीन तासांचं व्याख्यान पोरांच्या स्वस्तातल्या मोबाईलवर मावलं पाहिजे, म्हणून तो व्हिडिओ दाबून लहान करायची विद्या शिकला. ही विद्या त्याला अजून जादूच वाटते. प्रत्येक चित्र पूर्ण लिहायचंच नाही. जेवढं हललं तेवढं लिहायचं, आणि जे हललं नाही तिथं ‘मागच्यासारखंच’ म्हणून पुढे जायचं. त्यावर त्यानं आणखी एक कडी केली. पोरं वहीत उतरवून घेत असताना सर फळ्यापाशी गप्प उभे राहत, ती मिनिटं कुणालाच नको असत. म्हणून संगणकाला त्यानं हुकूमच देऊन ठेवला की चित्र वीस सेकंदांपेक्षा जास्त स्थिर राहिलं तर तेवढा भाग गाळून टाक. पोरं खूश, सर खूश. पुढे कॅसेटाही त्याच हुकुमाखालून जायला लागल्या. जुन्या कॅसेटचं चित्र सारखं थरथरतं, म्हणून थोडीफार थरथर हालचालीत धरू नकोस, अशी सूटही त्यानं देऊन ठेवली. लग्नाच्या कॅसेटीत सुरुवातीला लग्नपत्रिका दोन-दोन मिनिटं दाखवायची फॅशन होती, ती आपोआप उडायची. अजून कुणाची तक्रार आली नव्हती.

सिंधुताई आल्या त्या मुखेडहून. धाकट्या लेकीला, देविकाला, शिकवणी लावली म्हणून तिचा स्वयंपाक करायला त्या लातुरात खोली घेऊन राहिल्या होत्या. अशा आया त्या गल्लीत शेकड्यांनी. त्यांनी जुनी साडी उलगडून कॅसेट काढली. वर दस्तगीरच्याच हातचा कागद डकवलेला होता, त्याचं नाव आणि तारीख, मे त्र्याण्णव.

“तुम्हीच काढलेली हाय, दस्तगीरभाई. माझं लगीन.” त्यांनी गाव सांगितलं, औशाच्या पलीकडचं. दस्तगीरनं कागदावरची तारीख पुन्हा वाचली. ते गाव भूकंपात एका पहाटेत गेलं होतं. “मी सासरी होते म्हणून राह्यले. माय गेली, घर गेलं, फोटो गेले. पोरीनं आज्जी पाह्यलीच न्हाई. माय यात हाय तेवढीच.”

कॅसेटीला आतून पांढरी बुरशी धरली होती. दस्तगीरनं जपून चालवली, तरी शेवटी शेवटी फीत चुरगळली आणि तुटली. लग्न मात्र बहुतेक सगळं उतरलं. तीन तासांचं जेमतेम एक जीबी झालं. कॅसेट परत देताना तो म्हणाला, “ताई, ही आता पुन्हा चालणार न्हाई, आठवण म्हणून ठेवा.” त्याची पद्धत अशी की गिऱ्हाईक माल घेऊन गेलं की आठ दिवसांनी मूळची भलीमोठी फाइल पुसायची.

सिंधुताई परत आल्या त्या बाराव्या दिवशी.

“माय न्हाई यात.”

“कॅसेटीत जे होतं ते समदं यात हाय, ताई.”

“होती. मांडवाच्या मेढीपाशी उभी होती, हिरवं लुगडं. सासरी एकदा टीव्हीवर लावली होती, मी पाह्यलंय. तीनदा बघितलं आता, पोरीला घिऊन बघितलं. पंगत येते, मंग एकदम वरात येते.” आवाज चढला नव्हता, पण त्या पदरानं हातातला मोबाईल सारखा पुसत होत्या. “पोरगी म्हणली, आई, तुला स्वप्न पडलं असंल.”

दस्तगीरनं पंगत लावली, वरात लावली, आणि मधल्या जोडावर त्याचा हात थांबला. त्याला सगळं उमगलं. म्हातारी फोटो समजून उभी राहिली असणार. जराही हलली नसणार. आणि संगणकानं दिलेला हुकूम इमानदारीनं पाळला होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल आज त्याच्या दारात उभा होता.

त्यानं लपवलं नाही. “ताई, तुमच्या मायला मी गाळलं,” तो म्हणाला, आणि कसं ते सांगितलं. मूळ फाइल चार दिवसांपूर्वी पुसली, तेही सांगितलं. सिंधुताईंनी ऐकून घेतलं, पिशवीतून तीच कॅसेट काढली आणि टेबलावर ठेवली.

पुढचे दोन दिवस त्यानं फोटोंची गिऱ्हाइकं परत पाठवली. बायकोला, दिलशादला, दुकानात बोलावलं. ती शिवणकाम करणारी, सुई ओवायला डोळा आणि हात दोन्ही पक्के. तिनं कॅसेट खोलली, फितीची दोन्ही चाकं काढून नव्या खोक्यात बसवली, तुटलेली टोकं अशी जोडली की जोड बोटाला लागू नये. मग मऊ फडकं धरून दोघं फीत हातानं फिरवत राहिले, वीत-वीत पुसत. फडक्यावर पांढऱ्यासोबत तपकिरीही येत होतं. ते तपकिरी म्हणजे फितीवरचं चित्रच. जितकं पुसावं तितकं थोडं जाणार, आणि न पुसावं तर काहीच दिसणार नाही. दस्तगीर आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातांना भ्याला.

तिसऱ्या दिवशी सकाळी सिंधुताईंना बोलावलं. त्यानं आधी संगणकातले सगळे हुकूम काढून टाकले. गाळायचं नाही, दाबायचं नाही, येईल तसं घ्यायचं. पहिल्यांदा लावलं तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. व्हीसीआरचं फीत वाचणारं हेड पुसून पुन्हा लावलं. पंगत दिसली, जिलेबीची परात दिसली, आणि पुन्हा मुंग्या. “आता अजून एकदाच चालंल,” दिलशाद फीत पाहून म्हणाली. दस्तगीरनं हेड पुन्हा पुसलं आणि बटण दाबलं.

पंगत सरकली. कडेनं एक पांढरी रेघ गेली, आणि मेढीपाशी सिंधुताईंची माय, सोजरबाई, उभी होती.

हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, हात मांड्यांना चिकटलेले. मागं कुणी जात-येत नव्हतं, मागं फक्त कुडाची भिंत होती. कॅमेरा स्टँडवर होता, त्यामुळे तोही हलत नव्हता. खोलीतली तिघं माणसंही हलली नाहीत. दस्तगीरला वाटलं होतं, एक फोटो दिसेल. हा फोटो नव्हता. पदराचा काठ वाऱ्यानं किंचित उचलला जात होता. पापणी लवू नये म्हणून तिनं डोळे इतके ताणून ठेवले होते की त्यांत पाणी जमत होतं, आणि तरी ती लवू देत नव्हती. समोरचा वीस वर्षांचा पोरगा ‘झालं’ म्हणेल म्हणून ती थांबली होती, आणि तो पोरगा तिला काही न सांगताच कॅमेरा उचलून वरातीकडे निघाला होता. चित्र डुचमळलं आणि ती बाजूला गेली. तेव्हाही ती उभीच होती.

उभ्या जन्मात दस्तगीरनं हजार लग्नं टिपली, पण माणूस पहिल्यांदाच पाहिला असं त्याला वाटलं. त्यानं आकडे पाहिले. तीन तासांचं लग्न ज्या एका जीबीत मावलं होतं, जवळजवळ तेवढीच जागा या त्रेचाळीस सेकंदांनी घेतली होती. दाबलं नाही तर एक माणूस नुसता उभा राहायला एवढी जागा लागते, हे त्याला इतक्या वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं.

“ताई, मी मावशीला ‘झालं’ म्हणायला पाह्यजे होतं,” तो म्हणाला.

सिंधुताईंचं लक्ष नव्हतं. “परत लावा,” त्या म्हणाल्या. आता ते संगणकात होतं, कितीही वेळा लावता येणार होतं. त्यांनी पुन्हा पाहिलं, मग पुन्हा. चौथ्या वेळी त्या पडद्याच्या अगदी जवळ सरकल्या, एक बोट सोजरबाईच्या छातीपाशी धरलं आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत राहिल्या. कॅमेरा वळला तेव्हा बोट काढलं.

“अकरा,” त्या म्हणाल्या.

“काय अकरा?” दिलशादनं विचारलं.

“अकरा येळा श्वास घेतला मायनं,” सिंधुताई म्हणाल्या, आणि लेकीला बोलावून आणायला उठल्या.