भावाच्या वजनाची वाळू

आमच्या होडीत नेहमी दोन माणसं असायची. आमचे वडील, आबा, सुकाणूपाशी आणि भाऊ वाऱ्याच्या अंगाला, काठालगतच्या फळीवर. होडी लहान, त्या मानाने शीड मोठं, त्यामुळे वारा भरला की ती कलायची. भावाचं वजन तिला सरळ ठेवायचं. होडी वळली आणि वारा दुसऱ्या बाजूने यायला लागला की आबा म्हणायचे, "इकरं सर," आणि भाऊ पलीकडच्या फळीवर जाऊन बसायचा. इंजिन बसवा म्हणून त्याने आबांचं डोकं खाल्लं होतं. आबा कानाडोळा करायचे.

भाऊ कोन गावाजवळ ट्रकखाली गेला. बाईकवरून घरीच येत होता. नंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. लोक आले, चहा झाला, कार्य उरकलं. मला काहीच वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

मग आबांनी एकट्यानेच मासे धरायला जायचं ठरवलं. दुसरा गडी घ्या म्हटलं तर ऐकेनात. मी माझ्या करंजाड्याच्या फ्लॅटवरून भेटायला गेले, तर त्यांनी एवढंच विचारलं, "त्याचा वजन कती व्हता गो?"

सत्तर, मी म्हटलं. जिमला जायला लागल्यापासून तो हे आल्यागेल्याला ऐकवायचा.

आम्ही विचुंब्याच्या एका इमारतीच्या कामावरून वाळू आणली. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून मासळीच्या काट्यावर तोलली. सत्तरच्या वर काटा जरासा गेला, तर आबांनी मूठभर वाळू काढून टाकली. मी गोणीचं तोंड धरून उभी होते. तेव्हा कोणी मला त्या गोण्यांत कोळसा भरायला सांगितलं असतं, तरी मी भरला असता.

त्यांना एकटं सोडायला मन धजेना, म्हणून पहिल्या फेरीला मीही बसले. आमच्यातल्या बायका मासळी विकतात, होडीत बसत नाहीत. धक्क्यावरच्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. आबांनी गोण्या भावाच्या फळीवर रचून दोरीने आवळल्या होत्या. जाताना होडी छान सरळ चालली. चला, जमलं, असं मला वाटलं.

परतताना आबांनी होडी वळवली. शीड पलीकडे गेलं, वारा दुसऱ्या अंगाने भरला, आणि आबा सवयीने गोण्यांना म्हणाले, "इकरं सर."

गोण्या होत्या तिथेच राहिल्या. वाऱ्याचा जोर आणि सगळं वजन एकाच बाजूला आलं, काठावरून पाणी आत यायला लागलं. मी रांगत पलीकडे गेले आणि काठाला घट्ट धरून बसले. आबांनी शिडाची दोरी सोडली तेव्हा कुठे होडी सावरली. सगळा जन्म खाडीत काढलेल्या माणसाने वजन तळाला मधोमध ठेवायचं सोडून कडेला बांधावं, याचा मला भयंकर राग आला. कित्येक दिवसांत तेवढं एकच काहीतरी वाटलं.

"आबा, गोण्या खाली मधे घ्या."

"मंग त्याची जागा रिकामी ऱ्हाईल."

मी गाठी सोडायला घेतल्या. वाळू भिजली होती, गोण्या मला एकटीला ओढवेनात. आबांनी सुकाणू सोडलं. मग उठले आणि त्यांनी दुसरं टोक धरलं.

दुसऱ्या दिवशी गोण्या तळाला मधोमध ठेवून ते एकटे गेले. मी ऑफिसला दांडी मारून धक्क्यावर उभी होते. परतताना होडी वळली, किंचित कलली. आबा सुकाणू न सोडता हळूच सरकले आणि भाऊ बसायचा त्या फळीवर जाऊन बसले. मी धक्क्यावरच खाली बसले आणि रडले.